अप्पांचं पथ्य

माझे वडील ताट सारायचे. डाव्या हाताच्या एका बोटाने. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. पहिला घास तोंडात गेला, क्षणभर थांबले, आणि ताटाच्या कडेला बोट लावून ते पुढे ढकललं, की आमच्या नौपाड्यातल्या घरात सगळ्यांना कळायचं, आज मीठ चुकलंय. किंवा तिखट. किंवा बिरड्यात नारळाचा रस पातळ झालाय. मग आई उठून नव्याने काहीतरी करायला घ्यायची आणि अप्पा पेपर उघडून बसायचे. सारलेलं अन्न टाकून देणं आमच्याकडे पाप. ते आई सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओट्याशी उभी राहून खायची, गारढोण. मी लग्न होऊन डोंबिवलीला गेले तोपर्यंत आईला गरम जेवताना मी पाहिलेलं नाही.

त्या बोटाचा मला राग यायचा. अजून येतो. बाहेर हरिहर कर्णिक म्हणजे देवमाणूस. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला होते, कधी कोणाला वाकडा शब्द नाही, पान नाही, तंबाखू नाही, दिवसाला चार सिगरेटी तेवढ्या. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, नशीब काढलंस हो सुमती. आई नुसती हसायची. सांगणार तरी काय, नवरा ताटाला बोट लावतो म्हणून? लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

तर अशा या माणसाला एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर हार्ट अटॅक आला. सौम्य होता, वाचले. रिटायरमेंटला थोडेच महिने उरले होते, ते रजेतच गेले. कोलेस्टेरॉल दोनशे ऐंशीच्या वर, ब्लडप्रेशर चढलेलं.

श्रीपाद डॉक्टर आमचे जुने, आणि त्यांना समजावून सांगायची भारी हौस. दवाखान्यात आईला आणि मला समोर बसवून म्हणाले, “कोलेस्टेरॉल काही शत्रू नाही वहिनी, ते शरीराला लागतंच. पण जास्त झालं आणि त्यात त्याला गंज चढला, की ते नळीच्या आत चिकटतं, तिथे सूज येते, आणि एखाद्या दिवशी ती सूज दगा देते. आता गंज कशाने चढतो? सिगरेटीने. पुन्हा पुन्हा तळलेल्या तेलाने. जागरणाने, मनाला लागलेल्या त्रासाने. आणि कशाने थांबतो? पालेभाज्या, आवळा, गाजर, टोमॅटो, ताजी फळं. त्यात अँटीऑक्सिडंट असतात. शिवाय चालणं, आणि शांत झोप. हे तराजूसारखं आहे बघा, एकाच पारड्याकडे बघून चालत नाही.” मग सध्यापुरतं म्हणून तूप, नारळ, अंडी बंद केली, आणि प्रेशरसाठी मीठ कमी.

आईने सगळं नीट ऐकलं आणि त्यातलं आपल्याला पाहिजे तेवढं उचललं.

मीठ कमी म्हणजे तिने मीठ बंदच केलं. आमच्याकडे ताट वाढताना आधी डावीकडे मीठ पडतं, मग लिंबाची फोड, मग बाकीचं. अप्पांच्या ताटात ती जागा रिकामी राहायला लागली. सकाळी उठल्या उठल्या आवळ्याचा रस, त्यावर लसणाच्या दोन कच्च्या पाकळ्या, मग किसलेलं गाजर, नुसतं. दुपारी उकडलेला दुधी आणि कोरडी पोळी. रात्री उरलेला दुधी. वर एक मऊ पिवळी व्हिटॅमिनची गोळी. पेपरात कुठे आहारावर काही आलं की आई ते चष्मा लावून वाचायची, आणि ज्या पदार्थाने अप्पांचं तोंड वाकडं होईल तो नेमका घरात यायचा. अँटीऑक्सिडंट हा शब्द तिने असा घोटला होता की जिन्यात, भाजीवाल्याकडे, हळदीकुंकवात, जाईल तिथे तो ऐकवायची. “माझं काही नाही हो, डॉक्टरांनी सांगितलंय,” हे पालुपद.

आणि ती आधी जेवायला लागली. अप्पांच्या समोर बसून. पापलेटची तुकडी तव्यावरून थेट तिच्या ताटात, भातातून वाफा निघतायत, आणि ती सावकाश एकेक काटा बाजूला काढत जेवतेय. तिचं आटोपलं की अप्पांचा दुधी यायचा. “तुम्हाला चालणार नाही ना,” असं म्हणायची, अगदी मायेने.

खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने मला गंमत वाटली. मी आणि माझा नवरा आनंद रविवारी डोंबिवलीहून यायचो, तेव्हा मी मुद्दाम अप्पांच्या ताटात डोकवायचे. म्हटलं, आता सारा की बोटाने. अप्पा सारत नव्हते. मान खाली घालून सगळा दुधी संपवायचे. सारलं तर दुसरं काही मिळणार नव्हतं, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

पण वालांचं तिने सुरू केलं तेव्हा माझी गंमत संपली.

बिरडं म्हणजे अप्पांचा जीव की प्राण. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. किलोभर वाल सोलायला बसलं की पाठीचा काटा ढिला होतो. तीस वर्षं आईने सोलले, अप्पांनी खाल्ले, पटलं नाही तर सारले. आता आईने पातेलं अप्पांपुढे आणून ठेवलं. “घरी बसून काय करता? सोला.” ज्या माणसाने उभ्या जन्मात चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नव्हता, तो खाली मान घालून वाल सोलायला लागला. बोटांच्या पेरांवर सूज होती, चिमटीत दाणा धरवत नव्हता, तरी सोलायचे. मग आई नारळाचा घट्ट रस काढून, आमसुलं आणि गूळ घालून बिरडं करायची, आम्हाला वाढायची, वर शेजारी वाटी पाठवायची. अप्पांना दुधी.

एकदा माझ्यासमोर त्यांनी मागितलं. “सुमती, वाटीभर रस्सा तरी दे गं.”

“आणि परत आयसीयूत गेलात तर धावपळ कोण करणार?” आई म्हणाली, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. अप्पांचे कान लाल झाले. त्यांनी दुधीचा पुढचा घास घेतला.

चालण्याचंही तसंच. पहाटे पाचला ती त्यांना गदागदा हलवून उठवायची. रात्री झोप लागली होती की नाही, ते विचारायचं नाही. तलावपाळीला, तलावाभोवती फेऱ्या. चालताना बोलू नका, दम लागेल, असं डॉक्टरांनी अप्पांना सांगितलेलं. आईला कुठे सांगितलं होतं? ती बोलायची. हेमा, म्हणजे मी, पोटात होती तेव्हा तुम्ही आमटी सारलीत. माझे वडील गेल्याची तार आली त्या दिवशी तुम्ही भात सारलात, म्हणे मोकळा झाला नाही. तुमच्या बहिणीच्या केळवणात चारचौघांत कानवले सारलेत. एका फेरीला एक ताट. अप्पा धापा टाकत ऐकायचे आणि घरी येऊन गाजराचा कीस खायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलेले, एका फेरीत माझं डोकं उठलं.

आठ-नऊ महिन्यांनी रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल एकशे अडुसष्ट. आईचे पाय जमिनीवर ठरेनात. भेटेल त्याला आकडा सांगत सुटली. बायका म्हणायला लागल्या, साक्षात सावित्री आहेस बाई, यमाच्या दारातून परत आणलंस. आणि हा सत्यवान कोपऱ्यात बसलेला, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबतोय, गुडघे सुजलेले, डोळ्यांखाली काळं. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. आकडा चांगला होता ना.

त्र्याण्णवच्या श्रावणात आईची मंगळागौरीची आमंत्रणं चालली होती, म्हणून अप्पांना तपासायला मी नेलं. श्रीपाद डॉक्टरांनी त्यांना पडद्यामागे कॉटवर झोपवून तपासलं, वजन घेतलं, आणि बाहेर येऊन माझ्यावरच घसरले. “काय चालवलंय काय तुम्ही घरात? कोलेस्टेरॉल उतरलं, मान्य. पण हा ईएसआर बघ, अंगातली सूज दाखवणारा आकडा, केवढा वर गेलाय. गुडघे सुजलेत, प्रेशर तिथल्या तिथे. आत सूज आहे हेमा, ती काही गाजराच्या किसाने उतरत नाही. झोपतात का हे? हसतात का कधी? गेल्या वर्षी रिपोर्ट आला तेव्हाच मी वहिनींना सांगितलं होतं, आता पथ्य सैल करा. चमचाभर तूप द्या, जेवणात बेताचं मीठ घाला, आठवड्यातून एकदा त्यांना त्यांचं बिरडं खाऊ दे, नारळ घालून. आणि पहाटेचं उठवणं बंद. हे सगळं सांगितलं होतं मी.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. वर्षभर. आईने वर्षभर हे पोटात ठेवलं होतं.

दवाखान्याचा जिना उतरताना अप्पा माझ्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरत होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. म्हटलं, “आज घरी जाऊन बघतेच तिच्याकडे.”

अप्पा म्हणाले, “मला माहीत आहे ते. तेव्हाही मी पडद्यामागेच होतो, शर्टाची बटणं लावत होतो. ऐकलं सगळं.”

“मग बोलला का नाहीत?”

“वाटलं, सांगेल आज-उद्या. मग आठवडे गेले. मग वाटलं, तिला द्यायचंच नाहीये.” खालच्या पायरीवर ते दम घ्यायला थांबले. “एकदा मागितलं होतं, तू होतीस ना. परत मागायला मन धजलं नाही. हेमा, तू सांगशील तिला? एकदाच करून दे म्हणावं. रस घालून. फार खाणार नाही मी.”

अडुसष्ट किलोंचा माणूस पन्नासवर आलेला, आणि मुलीकडे वाटीभर बिरड्यासाठी गयावया करतोय. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी रागही आला. तुमच्या बोटाने हे सगळं केलं, असं ओठांवर आलेलं. गिळलं.

घरी आल्यावर अप्पा पुढच्या खोलीत आडवे झाले. मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. आई नारळ खवत होती, शेजारच्या मंगळागौरीला बिरडं द्यायचं कबूल केलं होतं. अप्पांनी सकाळी सोललेले वाल पातेल्यात तयार होते. मी डॉक्टर जे जे बोलले ते तिला ऐकवलं. तिने खवणं थांबवलं नाही. म्हणाली, “मग? जीव तर गेला नाही ना?”

“आई, त्यांना माहीत आहे. तू लपवलंस ते. पहिल्या दिवसापासून.”

तेव्हा तिचा हात थांबला. “माहीत असून गप्प खात होते?”

“हो.”

“वर्षभर?”

“हो. आणि आज मला म्हणाले, तिला सांग, एकदाच करून दे.”

तिने विळी आडवी केली. मग पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, “शेजारी सांगून ये, आज जमत नाही म्हणावं.”

त्या दिवशीसारखं बिरडं तिने कधी केलं नसेल. रस दोनदा गाळला. जिरं ताजं वाटलं. मीठ हातात घेऊन घातलं, चाखलं, आणखी कणभर घातलं, परत चाखलं. मला चाखवलं. जिथल्या तिथे होतं. मग अप्पांना हाक मारली, त्यांचं ताट मांडलं, डावीकडे मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली, गरम भात, त्यावर बिरडं. स्वतःचं पान घेतलंच नाही. समोर बसली. एवढा सूड उगवूनही तिची भीती गेलेली नव्हती. घास उचलणाऱ्या त्या हाताकडे ती नव्या नवरीसारखी बघत होती.

अप्पांनी घास घेतला. डोळे मिटले. चावायचे थांबले.

आणि त्यांचं डावं बोट ताटाच्या कडेला लागलं.

“खारट झालंय गं,” ते म्हणाले.

मी त्यांच्या ताटातलं चिमूटभर उचलून तोंडात टाकलं. मीठ चोख होतं. “अप्पा, काहीतरी काय बोलता,” मी म्हटलं. “मी चाखलंय, उत्तम झालंय.”

“नाही गं, घशाला झोंबतंय.” ते कावरेबावरे झाले होते. आईकडे बघून म्हणाले, “सुमती, जरा पाणी घालून दे त्यात. खातो मी.”

पाणी घालून दे. अप्पा असं कधी आयुष्यात म्हणाले नव्हते. मला वाटलं, टोमणा मारतायत. आईलाही तेच वाटलं. ती उठली, आवाज अगदी थंड. “जळलात तरी तुमचं हे बोट जळायचं नाही,” म्हणाली. “माझंच चुकलं. मी विसरले होते तुम्ही कोण आहात ते.”

“अगं, खरंच...”

“अप्पा, पुरे झालं आता,” मी म्हटलं.

आईने ते ताट स्वतःपुढे ओढलं आणि त्यांच्या समोर बसून जेवायला लागली. शितन् शीत. ताट बोटाने निपटून काढलं. अप्पा बघत राहिले. मग तिने सकाळचा दुधी त्यांच्यापुढे आणून आदळला, आणि त्यांनी तो मान खाली घालून खाल्ला. मी रागारागाने चप्पल घातली आणि डोंबिवलीला निघून गेले. निरोपसुद्धा घेतला नाही.

त्याच आठवड्यात तलावपाळीवर पहाटे अप्पा गेले. आई दोन पावलं पुढे होती, केळवणातल्या कानवल्यांचं चाललं होतं. उत्तर येत नाही हे नेहमीचंच, म्हणून तिने मागे वळून बघितलं नाही. एका माणसाने हाक मारली तेव्हा ती वळली. अप्पा बाकावर बसल्यासारखे कलंडलेले होते.

भेटायला येणाऱ्यांना आई एकच सांगत होती. “कोलेस्टेरॉल एकशे अडुसष्ट होतं हो. नॉर्मल. सगळं अगदी नॉर्मल होतं.” लोक माना डोलवायचे, तुम्ही काही कमी केलं नाहीत म्हणायचे. मला तिचा गळा धरावासा वाटायचा, आणि ती एकटी दिसली की तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटायचं. दोन्ही केलं नाही.

श्रीपाद डॉक्टर एका संध्याकाळी आले. मी त्यांना चहा दिला आणि माझ्या मनात जे साचलं होतं ते बाहेर पडलं. म्हटलं, “डॉक्टर, तुम्हाला सांगते, शेवटपर्यंत माणूस बदलला नाही. पावणेदोन वर्षांनी आईने त्यांच्यासाठी बिरडं केलं, जीव ओतून केलं, आणि यांनी एक घास खाऊन ताट सारलं. म्हणे खारट. मीठ चोख होतं, मी स्वतः चाखलेलं.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. “मीठ अजिबात नव्हतं त्यांच्या जेवणात? अजिबात?”

“अजिबात.”

“मी कमी करा म्हटलं होतं, बंद नाही.” त्यांनी कपाळ चोळलं. “इतका काळ अळणी खाल्लं की जीभ तशी होते. बेताचं मीठसुद्धा तिला खारट लागतं, झोंबतं. थोडं थोडं वाढवत नेलं की येते परत. त्यांना खरोखरच खारट लागलं असणार हेमा.”

आई दारात उभी होती. बिस्किटांची बशी तिच्या हातात होती. ती कधी आली होती, मला कळलं नाही. तिने विचारलं, “पाणी घालून दिलं असतं तर चाललं असतं?”

“हो, चाललं असतं की,” डॉक्टर म्हणाले. त्यांना काय माहीत ती काय विचारतेय.

आईने बशी त्यांच्यासमोर ठेवली आणि आत गेली.

तेराव्याला आचारी सांगितला होता. पण बिरडं मीच करणार म्हणून आई हटून बसली. आदल्या दिवशी वाल एकटीने सोलले, कोणाला हात लावू दिला नाही. अप्पांच्या नावाचं पान तिने स्वतः वाढलं. डावीकडे मीठ वाढलं नाही. मला वाटलं, दुःखात विसरली, म्हणून मी मिठाची वाटी घेऊन पुढे झाले, तर तिने माझा हात धरला.

मग पंगत बसली. आनंद, काका, आत्या, शेजारपाजार. पहिला घास सगळ्यांनी बिरड्याचाच घेतला आणि एकेकाचं तोंड थांबलं. मीही घेतला. नारळाचा रस घट्ट, आमसूल, गूळ, जिरं, सगळं होतं. मीठ नव्हतं. कणभरही नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आत्या हळूच म्हणाली, “सुमती, अगं मीठ राहिलं वाटतं.”

“राहिलं नाही,” आई म्हणाली. “तुमच्या पानात बाजूला वाढलंय, हवं त्याने घ्या. त्यांना खारट लागतं.”

पंगत खाली बघून जेवली, आणि कोणीही ताट सारलं नाही. सगळ्यांचं झाल्यावर मी आईला हाताला धरून बसवलं आणि तिचं पान वाढलं. भातातून वाफा येत होत्या. ती त्या पानाकडे बघत बसली, आणि ते पूर्ण गार होईपर्यंत तिने हात लावला नाही.